तांब्याच्या जाळीचं कव्हर

आगाशे साहेब थरथरत होते आणि डॉक्टर देव डोळे मिटून "क्या बात है" म्हणत होते.

खोलीत गाणं चालू होतं. गाणाऱ्या बाईंची तान वर वर चढत होती. साहेबांचा उजवा हात मी शिवलेल्या कव्हरावर होता आणि डावा शेजारच्या ॲम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीवर. मान मागे गेलेली, डोळे अर्धे मिटलेले, दात घट्ट आवळलेले, सगळं अंग बारीक बारीक हलत होतं. साहेबांचं हे नेहमीचं होतं. गाण्यातली एखादी जागा आवडली की ते असेच थरथरायचे, म्हणून डॉक्टरांना त्यात काही वेगळं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. शैलावहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, उपम्याच्या बशा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "झालं यांचं सुरू."

मग तान समेवर येऊन संपली. डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. गाणाऱ्या बाई श्वास घ्यायला थांबल्या. साहेब थांबले नाहीत.

मी म्हटलं, "डॉक्टर, साहेबांकडे बघा."

डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "शू. राहू द्या त्यांना आत."

ते कशाच्या आत होते ते सांगण्याआधी मी त्या खोलीत का बसले होते ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल मी गाण्याची शौकीन आहे. मी नाही. मी कव्हरं शिवते. आता शिवत होते म्हणायला हवं.

कव्हरं म्हणजे वस्तूंची. टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर. माणसांचे कपडे मी कधी शिवले नाहीत. माणसं माप देऊन जातात, मग जाड होतात आणि वर शिवणाऱ्या बाईवर चिडतात. वस्तू तसं करत नाही. लांबी, रुंदी, उंची. चौथीपर्यंतच्या शाळेत तेवढं शिकवतात आणि कव्हराला तेवढं पुरतं. कर्वेनगरात रस्त्यालगत माझा एक गाळा होता, आत एक मशीन आणि बाहेर दोरीवर नमुन्याची कव्हरं टांगलेली. फ्रिजच्या मुठीचं कव्हर पाहून एक परगावचे गृहस्थ विचारत होते, ही तान्ह्या बाळाची टोपी केवढ्याला. मी म्हटलं, बाळाचं डोकं फ्रिजच्या मुठीएवढं असेल तर डॉक्टरकडे न्या.

या धंद्यात कळायला लागतात त्या गोष्टी थोड्या आहेत. कापड धुतल्यावर आटतं, म्हणून शिवण्याआधी भिजवायचं. वस्तू तापणारी असेल तर कव्हराची पाठ उघडी ठेवायची. समोर कोरी जागा सोडायची नाही, कारण तिथे बायकांना फुलं लागतात. आणि गिऱ्हाइकाला कधी विचारायचं नाही की कव्हर कशाला हवं आहे. विचारलं तर ते विचार करू लागतात, आणि विचार केला तर कव्हराची गरज नाही हे कोणालाही कळेल. वस्तूला थंडी वाजत नाही. धूळ फडक्याने जाते. मी मात्र तीस वर्षं वस्तूंना झबली शिवली आणि त्यावर घर चालवलं, त्यामुळे मी कोणाला हसत नाही. हसले तरी आधी स्वतःला हसते.

रंगीत टीव्ही घरोघरी आले तेव्हा माझे चांगले दिवस होते. स्वारगेटजवळच्या एका बाईंनी टीव्हीच्या कव्हरासाठी स्वतःच्या लग्नाचा शालू आणून दिला. म्हणाल्या, "पदर समोर येऊ द्या." मुलीने तो शालू तिच्या लग्नात नेसायला मागितला होता, तेव्हा जरीला घाम लागतो म्हणून दिला नव्हता. टीव्हीला घाम येत नाही. मी कापला. कापताना कात्री थांबत होती, पण तो कापडाचा दोष, माझं मन मध्ये आलं नव्हतं.

मग कॉम्प्युटर आले. ज्या घरात पोराला इंजिनीअर करायचं होतं त्या घरात कॉम्प्युटर देवघरासारखा ठेवत. चप्पल बाहेर. त्याला तीन कव्हरं लागायची, पडद्याचं, पेटीचं आणि कळफलकाचं. एका वडिलांनी माऊसचंही शिवून घेतलं, शेपटीला भोक ठेवून. वापरायच्या वेळी चारही कव्हरं काढायची, घड्या घालायच्या, वापरून झालं की पुसून परत चढवायची. महिन्याभरात पोराने कॉम्प्युटर वापरणंच सोडून दिलं. वडील मला म्हणाले, "मशीन अजून नव्यासारखं आहे." खरंच होतं.

शहराबाहेर मोठमोठ्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्यातल्या एका कंपनीने माझ्याकडून सगळ्या कॉम्प्युटरांना कव्हरं करून घेतली. निळी, वर कंपनीचं चिन्ह. तिथल्या साहेबांचा हुकूम होता की काम संपलं की प्रत्येकाने कव्हर घालून जायचं. पण तिथे दिवसा एक पाळी काम करायची आणि रात्री अमेरिकेसाठी दुसरी, त्यामुळे कव्हर घालायला कॉम्प्युटर रिकामा कधी सापडलाच नाही. कव्हरं कपाटात गेली. पुढच्या वर्षी त्यांचा माणूस आला आणि म्हणाला, "मावशी, कपाटाचं कव्हर होईल का?" झालं. तेही निळंच केलं.

आगाशे साहेब माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. भोसरीच्या एका कारखान्यात इंजिनीअर होते, लेथचं काम त्यांच्या हाताखाली चालायचं. त्यांना दोनच गोष्टी कळत, माप आणि गाणं. टेपरेकॉर्डर, रेकॉर्डचं यंत्र, सीडीचं यंत्र, सगळ्यांची कव्हरं माझ्याकडची. कागदावर आकृती काढून आणायचे, सगळ्या बाजूंची मापं मिलिमीटरमध्ये.

"शिंदेबाई, डाव्या बाजूला दीड मिलिमीटर ढिलं आहे."

"धुतल्यावर आटेल, साहेब."

"मग धुवून का नाही दिलंत?"

"मापं धुतलेल्या यंत्राची दिली असतीत तर दिलं असतं."

यावर ते चिडत नसत. मान हलवायचे आणि कव्हर घेऊन जायचे. पुण्यात याला मैत्री म्हणतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मागची एक खोली फक्त गाण्याला दिली. तोवर टेप, रेकॉर्ड, सीडी सगळं मागे पडलं होतं. आता गाणं इंटरनेटवरून यायचं. एकदा मी माप घ्यायला गेले तर साहेबांनी मला एक लहान चपटी लोखंडी डबी दाखवली. पुढे बारीक हिरवे दिवे, मागे तारा खुपसायची भोकं, आणि भिंतीतून वीज घ्यायला स्वतःची एक तार.

"हा स्विच," ते म्हणाले.

मी भिंतीकडे पाहिलं.

"तो नव्हे. नेटवर्कचा स्विच. इंटरनेटची तार यात येते आणि यातून गाण्याच्या यंत्राकडे जाते. साधे मिळतात ऑफिसांत लावायचे. हा खास संगीतासाठी बनवलेला आहे."

"याने काय होतं?"

साहेबांनी डबीवर हात ठेवला. "दोन सुरांमधली शांतता आता जास्त काळी झाली आहे."

"आधी कोणत्या रंगाची होती?"

"करडी," ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

परत येताना मी सलीमभाईंच्या दुकानात थांबले. माझ्या शेजारचा गाळा त्यांचा. त्यांच्या वडिलांपासून रेडिओ-पंखे दुरुस्तीचा धंदा, आणि विजेचं काही कळेनासं झालं की मी त्यांनाच विचारते. मी विचारलं, या डबीने गाणं सुधारतं का?

"बाई, त्यातून गाणं जातच नाही," सलीमभाई म्हणाले. "आकडे जातात. आकड्यांची पुडकी येतात, ती डबी पत्ता बघून पुढे धाडते. एखादं पुडकं हरवलं तर पुढचं यंत्र परत मागवून घेतं. आणि यंत्र आलेलं लगेच वाजवत नाही. आधी थोडं साठवतं, मग वाजवतं. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं. सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी नव्या पाइपातून चढलं का जुन्या, संध्याकाळी नळाला काय कळतं?"

"म्हणजे काही फरक नाही?"

"डबीतून खरखर बाहेर पडून तारेबरोबर पुढे जाते म्हणणारेही आहेत. असेल एखाद्या घरी. मला कधी ऐकू आली नाही. पण मी त्यांना नाही म्हणणार नाही. त्यांनी ती डबी घेतली आणि त्यांना बरं वाटतं. माझ्याकडे लोक वीस वर्षांचा पंखा दुरुस्त करायला आणतात, नवा स्वस्त पडेल तरी. मी सांगतो का नका आणू?"

सलीमभाईंना हे कळतं ते मला आवडतं.

पण साहेब डबीवर थांबले नाहीत. तसा त्यांचा स्वभावच नव्हता. आधी डबीखाली सागवानाचे चार ठोकळे आले. मग डबीच्या विजेच्या तारेचं रबर आवाज दाबतं असं विकणाऱ्याने सांगितलं, म्हणून रबर काढलेली आणि नुसतं सुती विणकाम चढवलेली तार आली. मग त्या खोलीची वीज मीटरपासून वेगळी ओढून घेतली आणि शॉक लागला तर आपोआप वीज तोडणारं जे यंत्र घरात असतं ते त्या वाटेतून काढून टाकलं. त्याने गाणं अडतं म्हणे. हे काम करायला सलीमभाईंनी हात जोडून नकार दिला. साहेबांनी ते स्वतः केलं, नीट केलं, मिलिमीटरचाही फरक न ठेवता. शेवटी स्विचची जमिनीला जाणारी अर्थिंगची तार काढली. गुणगुण येते म्हणाले. ॲम्प्लिफायरची मात्र ठेवली आणि त्यासाठी सोसायटीच्या बागेत खड्डा घेतला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं, आणि रोज सकाळी तुळशीनंतर त्या खड्ड्याला एक तांब्या पाणी घालायचे.

शैलावहिनींना यातलं काही विचारलं जात नव्हतं. त्यांना फक्त सूचना मिळायच्या. गाणं लागलं की मिक्सर नाही. पंखा नाही. फ्रिज बंद, कारण फ्रिजची मोटर सुरू होते तेव्हा तिचा झटका गाण्यात शिरतो. "फ्रिजमध्ये चक्का ठेवला होता," वहिनी मला एकदा सांगत होत्या. "यांनी तीन राग ऐकले. चौथ्या रागात चक्का आंबला."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले ना. म्हणाले, खोलीत येऊन बघ, मंद्रातला षड्ज कसा उभा राहतो. मी म्हटलं, मी इथे उभी आहे ती आधी बघा."

त्या खोलीत त्यांनी कशाला हात लावायचा नाही असा नियम होता. पुसायचं मात्र त्यांनीच. म्हणजे हात न लावता पुसायचं. बायकांना हे जमतं असं पुरुषांना वाटतं.

मग साहेब तांब्याची जाळी घेऊन माझ्याकडे आले. बारीक विणीची, पिठाच्या चाळणीसारखी. मोबाईलच्या लहरी स्विचमध्ये शिरतात, त्या थोपवायला जाळीचं कव्हर हवं. आत मऊ सुती कापड, डबीला चरे पडू नयेत म्हणून. बाहेरून जाळी. सगळ्या बाजूंनी बंद.

"पाठ उघडी ठेवावी लागेल," मी म्हटलं. "डबी तापते."

"पाठ उघडी ठेवली तर लहरी पाठीमागून येतील."

"लहरींना पाठ कोणती ते कळतं?"

"शिंदेबाई, तुम्ही शिवा."

मी शिवलं. जाळी शिवणं सोपं नाही. कात्रीने कापली की कडेच्या तारा बोटांत घुसतात. सुया मोडल्या. शेवटी कडा पट्टीत दुमडून घेतल्या आणि हाताने टाके घातले. खाली नाडी ओवली, म्हणजे डबीच्या तळाशी आवळून बांधता येईल. साहेबांनी मोजपट्टी लावून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच म्हटलं. मला बरं वाटलं हे लिहायला हरकत नाही.

त्या कव्हराने गाणं सुधारतं का हे ठरवायला पुढच्या रविवारी सकाळी बैठक ठेवली. डॉक्टर देवांना बोलावलं. ते दातांचे डॉक्टर, साहेबांचे जुने मित्र, आणि त्यांच्याही घरी असाच एक स्विच होता, पण कव्हर नव्हतं. मलाही बोलावलं. साहेब म्हणाले, "न शिकलेला कानही हवा." मी म्हटलं, माझा कान शिकला नाही पण दुखतही नाही. चालेल म्हणाले.

फ्रिज बंद झाला. पंखा बंद झाला. आम्ही गादीवर बसलो. साहेबांनी भिंतीवरचं बटण दाबलं, डबीचे हिरवे दिवे जाळीतून मिणमिण करू लागले, आणि गाणं लागलं.

आता मी एक खरं सांगते. मला फरक वाटला. माप घ्यायला गेले होते तेव्हा हेच गाणं कव्हराशिवाय ऐकलं होतं. आज कव्हर होतं आणि गाणं जास्त छान वाटत होतं. गाणाऱ्या बाई जरा पुढे येऊन बसल्यासारख्या वाटत होत्या. मागच्या वेळी माझं लक्ष मापाच्या टेपवर आणि आकड्यांवर होतं, आज गाण्यावर होतं, कारण माझं कव्हर त्याच्यावर बसलं होतं. पण त्या क्षणी तुम्ही मला विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की जाळीनेच झालं.

डॉक्टर म्हणाले, "पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय."

"अजून ऐका," साहेब म्हणाले. "आता चालू गाण्यात कव्हर काढतो. पडदा परत पडतो का बघा." ते उठले, डावा हात ॲम्प्लिफायरवर टेकला, वाकले, आणि तान वर चढत असताना उजव्या हाताने कव्हर धरलं.

पुढचं वर सांगितलं आहे.

डॉक्टरांनी मला शू केलं. गाणाऱ्या बाईंनी पुन्हा सुरुवात केली, या वेळी संथ, आणि साहेब मात्र त्याच वेगाने हलत होते. त्या माणसाची मान आयुष्यात कधी लयीला सोडून गेली नव्हती. मग जळका वास आला. शिलाई मशीनच्या मोटरचा शॉक मी एकदा खाल्ला आहे. हात सुटत नाही, तोंड उघडत नाही.

मी म्हटलं, "वहिनी, करंट आहे. बटण."

डॉक्टरांनी डोळे उघडले आणि साहेबांना धरायला झेप घेतली. मी त्यांचा झब्बा मागून ओढला. खांद्याची शिवण पार उसवली, कच्ची होती. डॉक्टर गादीवर आपटले आणि म्हणाले, "अहो बाई, काय करताय?" तेवढ्यात वहिनींच्या हातातल्या बशा खाली गेल्या. बटण साहेबांच्या पलीकडे होतं, तिथे पोचायचं तर साहेबांना घासून जावं लागलं असतं. वहिनी तिकडे गेल्याच नाहीत. मांडणीच्या मागच्या फटीत शिरल्या, जिथे त्या रोज फडकं घेऊन शिरत, आणि त्या तारांच्या जंजाळातून स्विचचा प्लग ओढून काढला. विचारावं लागलं नाही, शोधावं लागलं नाही.

साहेब खाली कोसळले. डबीचे दिवे गेले.

आणि गाणं चालूच राहिलं.

मी हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते. डबी मेलेली, तार बाहेर, आणि गाणाऱ्या बाई आपल्या गातायत, एक सूर इकडचा तिकडे नाही. सलीमभाईंची टाकी. वरून पाणी तुटलं होतं, पण आधी भरलेलं वाहत होतं. साहेब जमिनीवर, उपमा जमिनीवर, डॉक्टर साहेबांच्या मनगटावर बोटं ठेवून, आणि वर अतिशय स्वच्छ आवाजात गाणं.

"ठोके लागतायत," डॉक्टर म्हणाले. "पण नीट नाहीत. शैलाताई, मी दातांचा आहे."

"मग दात बाजूला करा आणि श्वास चालू आहे का बघा," वहिनी म्हणाल्या.

श्वास चालू होता, अडखळत. मग गाणं एका शब्दाच्या मध्येच तुटलं. टाकी संपली. त्या शांततेचा रंग मी पाहिला नाही, मी जिन्यावरून शेजाऱ्यांना हाका मारत होते.

शेजाऱ्यांच्या गाडीतून साहेबांना कर्वे रस्त्यावरच्या दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावल्या. तिथल्या तरुण डॉक्टरने वहिनींना विचारलं, "काय करत होते?"

"ऐकत होते," वहिनी म्हणाल्या.

"आणि ह्यांना लगेच का सोडवलं नाही कोणी?" तो आमच्या डॉक्टरांकडे पाहून म्हणाला.

"आम्हाला वाटलं दाद देतायत," डॉक्टर देव म्हणाले. त्यांचा फाटका खांदा बघून त्या पोराला वाटलं असावं की इथे आणखी बरंच काही झालं आहे. त्याने पुढे विचारलं नाही.

ठोके नीट होईनात. आम्ही बाकावर बसून राहिलो. दुपारी सलीमभाई त्या खोलीत जाऊन आले होते, ते सांगायला आले. त्यांच्या तळहातावर एक सेफ्टी पिन होती. कव्हराच्या खालच्या पट्टीतून आरपार जाऊन ती विजेच्या तारेत घुसली होती. तीच ती रबर काढलेली तार. वीज तिच्यातून जाळीत, जाळीतून साहेबांच्या हातात, आणि दुसऱ्या हाताखालच्या ॲम्प्लिफायरमधून बागेतल्या खड्ड्यात.

वहिनींनी पिन हातात घेऊन पाहिली. मग मला म्हणाल्या, "सकाळी मीच लावली. बटण बंद होतं तेव्हा. पाहुणे येणार, एका बाजूने कव्हराची नाडी लोंबत होती. मला वाटलं तुमची नाडी सुटलीय, ती वर घेऊन टाचली."

"माझी नाडी पांढरी असते, वहिनी. ती तार बदामी आहे."

"सुती होती हो. विणलेली. नाडीसारखीच."

होती. मी पाहिली होती. माझ्याकडे आली असती तर मीही पायजम्यात ओवली असती. आपल्याकडे विजेची तार सुती विणकामात गुंडाळून कोणी घरात आणत नाही, आणि लोंबणारी नाडी दिसली की कुठल्याही बाईचा हात पिनेकडे जातो.

"मारलंच असतं मी त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हीच सोडवलंत."

"प्लग काढताना काय वाटलं सांगू? वाटलं, आता हे ओरडणार. हात लावलास म्हणून." त्या हसल्या नाहीत आणि रडल्या नाहीत. पदराने बाक पुसत बसल्या, तो बाक स्वच्छ होता तरी.

संध्याकाळी ठोके रुळावर आले. आम्हाला आत सोडलं. साहेबांच्या तळहातावर जाळीचे बारीक बारीक चौकोन भाजून उठले होते. माझ्या कामाचा असा ठसा दुसऱ्या कोणाकडे नसेल. साहेब छताकडे पाहत होते. मग हळू विचारलं, "गाणं कधी थांबलं?"

वहिनी म्हणाल्या, "प्लग काढल्यावर थोड्या वेळाने."

"म्हणजे प्लग काढल्यावर चालू होतं."

"होतं."

साहेब विचारात पडले. इंजिनीअर माणूस, मोठ्या कारखान्यात आयुष्य काढलेला. मला वाटलं, आता यांच्या लक्षात येईल. डॉक्टर देवांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते खाली पाहू लागले.

"मी ते ऐकलं," साहेब म्हणाले. "खाली पडल्यावर. इतकं स्वच्छ गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही. एकेक सूर वेगळा." ते पुन्हा थांबले. "म्हणजे तो स्विच आवाज बिघडवत होता. याच्यापेक्षा वरचा घ्यायला हवा."

मग वहिनी म्हणाल्या, "घ्या. वीज तोडणारं यंत्र सलीमभाई उद्या परत बसवतायत. तार रबराची येईल. आणि फ्रिज चालू राहील."

"शैला, फ्रिजने..."

"फ्रिज चालू राहील."

साहेबांनी भाजलेला हात पांघरुणाखाली घेतला आणि म्हणाले, "बरं." त्या घरात हा शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला सांगितलं होतं की या धंद्याने तुम्हाला काय शिकवलं ते लिहा. काही शिकवलं नाही. टीव्ही भिंतीवर चढले, कॉम्प्युटर मांडीवर आले, फोनची कव्हरं रस्त्यावर रबराची मिळतात, आणि माझा गाळा आता चहावाल्याकडे आहे. एक वाटतं. कापलेला तो शालू मी त्या मुलीसाठी वाचवायला हवा होता, दुसरं कापड सुचवता आलं असतं. बाकी कव्हरांबद्दल मला खंत नाही. लोकांना आपली वस्तू झाकलेली पाहून बरं वाटायचं, साहेबांना शांतता काळी झालेली ऐकून बरं वाटायचं. बरं वाटण्यासाठी माणूस काय करेल याला माप नाही. फक्त त्यात वीज असेल तर शॉक लागला की वीज तोडणारं ते यंत्र काढू नका.

जुना स्विच डॉक्टर देव घरी घेऊन गेले. त्यांच्याकडे तो जास्त मोकळा वाजतो म्हणतात. तांब्याचं कव्हर साहेब मला परत करत होते, मी घेतलं नाही. नव्या स्विचला कव्हर शिवायलाही मी नाही म्हटलं. साहेबांनी मापं मात्र पाठवली होती.

त्या रविवारी त्या खोलीत आम्ही चौघं होतो. आगाशे साहेब, शैलावहिनी, दातांचे डॉक्टर देव आणि मी. चौघंही जगलो.